शेवटल्या फडाचं पाणी

सर गेले त्याला आता चार महिने होतील. धुळ्याहून एक पत्र आलं आहे. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आठवणींचं एक लहानसं पुस्तक काढायचं ठरवलं आहे आणि माझ्याकडे विषय दिला आहे: सरांनी आम्हाला बी.ए.ला असतानाच संशोधनाची वाट कशी दाखवली. पत्र महिनाभर टेबलावर आहे. इथे जळगावात शाळेतून परत आलो की मी ते उघडतो, वाचतो, आणि पुन्हा घडी घालून ठेवतो. सरांनी वाट दाखवली हे खरं असेल. पण ती कुठे जात होती ते मला तेव्हा कळलं नाही आणि आज पंचवीस मुलांच्या वर्गाला इतिहास शिकवतानाही नीट सांगता येणार नाही. मला सांगता येईल ती एकच हकीगत. ती पुस्तकात शोभेल का, ठाऊक नाही.

साठीचं दशक सरत आलं होतं. मी पाचोऱ्याहून धुळ्याला शिकायला आलो होतो आणि देवपुरात एका खोलीत राहत होतो. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एका तासानंतर सरांनी मला थांबवलं. मला वाटलं, निबंधाबद्दल काही बोलतील. त्यांनी विचारलं, सायकल येते का. मी हो म्हटलं. मग म्हणाले, रविवारी सकाळी घरी ये. एवढंच. वर्गात माझ्याहून हुशार चार-पाच जण होते. त्यांना का नाही बोलावलं, मलाच का, हे मी तेव्हा विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. मित्र म्हणायचे, सरांना फुकटचा कारकून हवा होता, सापडला. आणखी एक जण म्हणायचा, तू वर्गात तोंड उघडत नाहीस ना, म्हणून निवडलं. हे मात्र मला थोडंफार पटायचं.

वर्षभर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे मोडी शिकलो. मोडी म्हणजे पूर्वी कागदोपत्री लिहायची ती जलद लिपी, हात न उचलता लिहिलेली. मला ती लवकर आली. सर शाबासकी देत नसत, पण वर्ष उलटल्यावर दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला एक जाड वही दिली आणि पांझरेकाठच्या एका गावाला पाठवलं. देवपुरातून सायकलने दोन तासांचा रस्ता. काम काय, तर त्या गावातली फडाची वहिवाट लिहून आणायची.

आमच्याकडे नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते. एकेक तुकडा म्हणजे एक फड. जमीन निरनिराळ्या लोकांची, पण एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणीही गावाने ठरवलेल्या पाळीने घ्यायचं. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. पाणी सोडायला गावाने नेमलेला एक माणूस असतो, तो पाटकरी. चारी, म्हणजे पाटाची लहान वाट, फोडून तो ज्या शेतात पाणी वळवील तिथे ते जाईल. त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नाही, निदान घालत नसत.

सरांनी सांगितलं होतं, कागद मागू नकोस. पाटकऱ्याबरोबर हिंड. पाणी कुठून कुठे जातं ते बघ आणि लिही. मी मान डोलावली, पण मनात गोंधळलो. वर्षभर मोडी शिकवली आणि आता म्हणतात कागद मागू नकोस. मग शिकवली कशाला?

त्या गावचे पाटकरी साठीच्या पुढचे होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचे वडील पाटकरी होते, आजोबाही. आबांना अक्षरओळख नव्हती. पहिल्या दिवशी मी वही काढली तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पानीमा काय देखनं शे भाऊ?" पाण्यात काय बघायचं आहे, असं ते विचारत होते. मी म्हटलं, सरांनी सांगितलं आहे. त्यांना ते पुरेसं वाटलं असावं. त्यांनी खांद्यावर फावडं टाकलं आणि चालायला लागले, मी मागे.

त्या हिवाळ्यात मी सात-आठ वेळा गेलो. आबा पाटाच्या काठाने अनवाणी चालत. मध्येच थांबून पाय पाण्यात बुडवत आणि पाणी किती आहे ते पायाला कळे. वरच्या फडापासून सुरुवात करून खाली खाली येत. पाणी कमी पडून पाळी मध्येच तुटली, तर जिथे तुटली त्या बांधावर करंजाची एक डहाळी रोवत, आणि पुढच्या पाळीला वरपासून नव्हे, तर त्या डहाळीपासून पाणी धरत. त्यामुळे शेवटच्या फडाला उशीर झाला तरी तो कोरडा राहत नसे. हे सगळं मी लिहिलं. लिहिताना मला फार कंटाळा येई. हा इतिहास आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटे, हे तर कुणीही पाहू शकेल.

म्हणून मी कागद मागितलाच. शेवटच्या फडात ज्यांची बरीचशी जमीन होती त्या एका शेतकऱ्याला गावात नाना म्हणत. बोलके, थट्टेखोर गृहस्थ. त्यांच्या माळ्यावर जुन्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं होतं. त्यातलं अक्षर घरात कुणाला लागत नव्हतं. नानांनी ओट्यावर सतरंजी टाकली, रुमाल सोडला, आणि दहा-बारा माणसं बघायला जमली. आबाही पाटावरून येऊन पायरीवर टेकले.

बरेच कागद कीड लागून गेले होते. एक चांगला निघाला. खाली शेतकऱ्यांच्या सह्यांच्या जागी नांगराच्या निशाण्या काढल्या होत्या आणि सगळ्यांत शेवटी फावड्याची एक निशाणी, तिच्याशेजारी नाव. मी ते नाव वाचलं तशी माणसं आबांकडे वळली. ते त्यांच्या आजोबांचं नाव होतं. आबा उठून जवळ आले आणि त्यांनी त्या फावड्यावर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, "वाची दखाड."

मी वाचलं. मला वाचता येतं आहे आणि एवढी माणसं ऐकताहेत, याचा आनंद मला झाला होता हे मी नाकारणार नाही. सुरुवातीच्या दोन ओळी मायन्याच्या होत्या. कागदाच्या आरंभी ठरावीक शब्दांत लिहायचा तो मजकूर, सगळ्या कागदांत थोडाफार सारखाच. रविवारी शिकताना आम्ही तो भराभर ओलांडून जात असू. मी तो ओलांडला आणि खालचा मजकूर मोठ्याने वाचला. त्यात स्पष्ट होतं: पाणी शेवटल्या फडापासून धरून वर आणावे, वरच्या फडाने आधी घेऊ नये, सर्वांनी राजीखुशीने कबूल केले आहे. एकही अक्षर मी चुकीचं वाचलं नाही. आजही तो कागद समोर आला तर मी तसाच वाचीन.

 मग नाना हसले. हसण्यात राग नव्हता, पण ते आबांकडे बघून हसले. म्हणाले, "आबा, तुमना आजानी लिखी दिधं, आनि तुम्ही आमले बठ्ठास्ना मांगे ठेवं?" आजोबांनी लिहून दिलं, आणि तुम्ही आम्हाला सगळ्यांच्या मागे ठेवलं? बाकीचेही हसले. एकाने सुचवलं, आबांनी आता मोडी शिकावी. दुसरा म्हणाला, नको, कॉलेजातल्या भाऊलाच पाटकरी करा. मीसुद्धा हसलो. आबांचं बोट अजून फावड्यावरच होतं.

पुढच्या खेपेला, पंधरा दिवसांनी, मी गेलो तेव्हा पाटावर आबा नव्हते. त्यांच्या भावकीतला एक तरणा माणूस फावडं घेऊन उभा होता आणि शेवटच्या फडापासून पाणी धरत होता. त्याने सांगितलं, आबांनी काम सोडलं. गावाने काढलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, कुणी नाही काढलं, नानाही नको म्हणत होते. आबांनी स्वतःच येऊन फावडं चावडीवर ठेवलं.

मी आबांच्या घरी गेलो. आबा ओसरीत बसले होते. मला बघून त्यांना राग आला नाही. उलट त्यांनी मला पाणी दिलं. मी विचारलं, का सोडलंत? ते म्हणाले, "बठ्ठा जलम मी उलटं पानी दिधं." जन्मभर उलटं पाणी दिलं. मी म्हटलं, पण आबा, तुमच्या वडिलांनी तसंच शिकवलं ना? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कागद खोटं बोलतो का? मी इतिहासाचा विद्यार्थी होतो. वर्गात कागदाला आम्ही अस्सल साधन म्हणत असू. मी तांब्या खाली ठेवला आणि उठलो.

त्या दिवशी परत येताना मी बराच रस्ता सायकल हातात धरून चाललो. मला समजत नव्हतं की वाईट काय झालं. कागदात होतं ते मी वाचलं. गावाला खरं कळलं. आबांनी खरं मानलं. यातली कोणती पायरी चुकली? आणि तरी ओसरीत बसलेला तो माणूस डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्याचे पाय कोरडे होते, आणि मी ते कधी कोरडे पाहिले नव्हते.

रविवारी सरांना सगळं सांगितलं. कागद मागितला हेही सांगितलं. ते रागावतील म्हणून तयार होतो. ते म्हणाले, नक्कल दाखव. मी वही पुढे केली. त्यांनी पहिल्या दोन ओळींवर नखाने रेघ ओढली.

"हे वाचून दाखवलंस?"

"नाही सर. मायना आहे."

"वाच."

मी वाचलं. नेहमीच्या शब्दांच्या मध्ये एक तुकडा होता: नदीस पाण्याचा तोटा पडला सबब, म्हणजे नदीला पाणी कमी पडलं म्हणून. मी तो नक्कल करताना माझ्या हाताने लिहिला होता आणि तरी तो मला दिसला नव्हता.

सर म्हणाले, "तुझी आई रोज भाकरी करते. ते कुठे लिहून ठेवलंय?" मी म्हटलं, कुठेच नाही. "आणि एखाद्या वर्षी ज्वारी मिळाली नाही, वरी खाल्ली, तर?" ते कुणीतरी लिहील, मी म्हटलं.  मला हळूहळू समजलं, किंवा समजल्यासारखं वाटलं. तो कागद एका दुष्काळी वर्षाचा होता. शेवटचा फड साफ जळू नये म्हणून त्या वर्षापुरतं उलटं ठरवलं होतं. उलटं होतं म्हणूनच लिहिलं. रोजची सुलटी रीत कुणी लिहिलीच नाही. ती आबांच्या पायांत होती, आणि ती मी वहीत कंटाळत कंटाळत उतरवली होती.

मी सरांना म्हटलं, तुम्ही चला आणि गावाला सांगा. तुमचं ऐकतील. ते म्हणाले, "वाचलंस तू. तूच जा." मला ते फार निष्ठुर वाटलं. आज ते नाहीत, तरी तसंच वाटतं. कधी वाटतं, त्यांना माहीत होतं की त्यांच्यासारखा मोठा माणूस गेला तर गाव त्यांचंही कागदासारखंच ऐकेल. कधी वाटतं, त्यांना दोन तास सायकल चालवायची नव्हती, एवढंच. दोन्हींपैकी काय, हे त्यांना विचारायला माझ्याकडे दहा वर्षं होती.

गेलो. आधी नानांकडे. त्यांनी ऐकून घेतलं आणि बसलेल्यांना म्हणाले, बघा, मागच्या खेपेला एक वाचलं, आता दुसरं वाचतो, कॉलेजात कागद रोज बदलतात वाटतं. पुन्हा हसू झालं. पण मला नानांची काळजी नव्हती. मी आबांकडे गेलो आणि पहिल्या दोन ओळी तीनदा वाचून दाखवल्या. दुष्काळ, सबब, त्या वर्षापुरतं, असं सगळं समजावलं.

आबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हाऊ नेम कवय सरना, ते लिखेल शे का?" हा नियम कधी संपला, ते लिहिलंय का?

ते लिहिलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी पाऊस पडला असेल आणि लोक बोलल्याशिवाय जुन्या पाळीवर गेले असतील. ते लिहायचं कुणाला सुचलं असतं? मी म्हटलं, आबा, तुमच्या वडिलांनी वरून पाणी धरलं, तुम्ही धरलं, म्हणजे तो नियम संपला होता. तुम्हीच त्याचा पुरावा आहात.

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मी काय कागद शे का?"

होळीपर्यंत पाटावर जे झालं ते मला लोकांकडून कळलं. पाणी एवढ्या लांब कोरड्या पाटातून शेवटपर्यंत न्यायचं तर अर्धं वाळूतच मुरायचं. मधल्या फडातला गहू वाळला. नानांच्या शेतालाही पूर्वीपेक्षा जास्त मिळालं नाही. नवा पाटकरी चांगला होता, पण त्याचे पाय पाण्याचे नव्हते. आबा रोज बंधाऱ्यावर येऊन बसत, असं लोक सांगत. नुसते बघत. कुणी विचारलं तर म्हणत, लिहिलेलं आहे.

पुढच्या दिवाळीनंतर मला देवपुरात निरोप आला, दूध घालायला येणाऱ्या माणसाबरोबर. नानांनी बोलावलं होतं. गेलो तर ओट्यावर तीच माणसं आणि तीच सतरंजी. नाना या खेपेला थट्टा करत नव्हते. गावाने जुनी पाळी पुन्हा धरायची ठरवलं होतं आणि आबांना बोलवायला नाना स्वतः गेले होते. आबांनी एकच अट घातली: आधी लिहून द्या. आणि ते या भाऊनेच लिहायला हवं.

मी लिहिलं. गाव सांगत होतं आणि मी लिहीत होतो. पाणी वरच्या फडापासून धरावे. पाळी तुटेल तिथे खूण ठेवावी. पुढील पाळी खुणेपासून धरावी. सगळ्यांनी सह्या केल्या, कुणी अंगठे दिले. शेवटी आबा बसले. मी शाईची उशी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली, माझा टाक घेतला आणि बराच वेळ लावून फावडं काढलं. आजोबांच्या फावड्यापेक्षा ते जरा वाकडं आलं.

मला वाटलं, झालं. आनंदाने सरांना नक्कल नेऊन दिली. त्यांनी वाचली, परत पहिल्या ओळीवर आले आणि म्हणाले, "हे का लिहिलं, ते कुठे आहे?" मी बघितलं. नव्हतं. गेल्या वर्षी काय झालं, कुठला कागद निघाला, तो कुणी कसा वाचला, यातलं एक अक्षर मी त्यात घातलं नव्हतं. माझी चूक लिहायला मी विसरलो होतो की टाळली होती, हे मला त्या क्षणीही सांगता आलं नसतं. सर म्हणाले, आणखी पन्नास वर्षांनी कुणीतरी मुलगा हे वाचेल. ते थोडं हसले. ते माझ्यावर हसले की त्या मुलावर, की स्वतःवर, हेही मी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गावी गेलो. आबा पाटाच्या तोंडाशी उभे होते, फावडं घेऊन, पाय पाण्यात. मला बरं वाटलं. मी सांगितलं, कागद द्या, वर दोन ओळी घालायच्या राहिल्या आहेत. त्यांनी बंडीच्या खिशातून घडी काढली, पण माझ्या हातात दिली नाही. म्हणाले, "निशानी व्हयनी. आते त्यामा काही लिखू नको." निशाणी झाली, आता त्यात काही लिहायचं नाही.

मी म्हटलं, बरं.

मग त्यांनी घडी उलगडून माझ्यापुढे धरली आणि वाचायला सांगितलं. मी म्हटलं, आबा, तुम्हाला पाठ आहे हे, तुम्हीच सांगितलंय. त्यांनी मान हलवली आणि कागद तसाच धरून ठेवला. तेव्हा मी वाचलं: पाणी वरच्या फडापासून धरावे. पाणी त्यांच्या पोटऱ्यांवरून जात होतं. त्यांनी मला पुढे वाच म्हणून खुणावलं. मी शेवटपर्यंत वाचलं, सह्यांची नावंसुद्धा, आणि त्यांच्या नावाशी थांबलो. मगच त्यांनी घडी खिशात ठेवली, वाकून फावडं मातीत घातलं आणि वरच्या फडाची चारी फोडली.

पाणी आत शिरलं तसं त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बरोबर आहे ना, असं विचारल्यासारखं. मी मान डोलावली. मला काय ठाऊक होतं पाण्यातलं?